चित्र गेले, आवाज राहिला

तार जोडली की दिवाणखान्यातल्या टीव्हीवर चित्र उमटते. आवाज मात्र लॅपटॉपमधूनच येत राहतो. हे इतक्या घरांत घडते की त्याला बिघाड म्हणवत नाही.

एचडीएमआयची तार चित्र आणि आवाज दोन्ही नेते. न्यायचे काय, हे ती ठरवत नाही. संगणकाच्या लेखी चित्र कुठे दाखवायचे हा एक निर्णय असतो, आवाज कुठून काढायचा हा दुसरा. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात स्पीकरचे लहानसे चिन्ह असते. तिथून आवाजाच्या वाटांची यादी उघडते. लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर त्या यादीत असतात, टीव्हीचेही नाव असते. पुष्कळदा संगणक आपण होऊन टीव्हीकडे वळतो. कधी वळत नाही. मग खोलीतली माणसे तार काढून पुन्हा खुपसतात, टीव्हीचा आवाज शंभरावर नेतात, आणि त्या यादीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

दिसले म्हणजे पोचले, अशी माणसाची समजूत असते. रोज समोर बसून जेवणाऱ्याचा चेहरा दिसतो, म्हणून त्याचे म्हणणेही कळते असे घर धरून चालते. कित्येक घरांत वर्षानुवर्षे फक्त चित्र पोचलेले असते.

पूर्वी दोहोंच्या तारा वेगळ्या होत्या. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आणले. पाच-पाचच्या तीन रांगांत १५ पिना, दोन्ही बाजूंना हाताने पिळायचे स्क्रू, आणि पुढे रूढ झालेला निळा रंग. त्या तारेतून लाल, हिरवा, निळा असे तीन रंग जात आणि चित्राचा ताल सांभाळणारे इशारे जात. आवाजाला तिच्यात जागा नव्हती. त्यासाठी हेडफोनच्या साडेतीन मिलिमीटरच्या भोकातून दुसरी बारीक तार टीव्हीपर्यंत न्यावी लागे. जुन्या टीव्हीच्या मागे पिवळे, पांढरे आणि लाल अशी तीन भोके असत. पिवळे चित्राचे. पांढरे आणि लाल डाव्या-उजव्या आवाजाचे.

दोन तारा होत्या तेव्हा राहून गेलेली तार हातात दिसे. एक तार झाल्यावर उणीव दिसेनाशी झाली. सोय वाढते तसे चुकीचे ठिकाण सापडणे कठीण होते. माणसे मग यंत्राला दोष देतात किंवा स्वतःला अडाणी म्हणवून घेतात. दोन्ही खरे नसते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तार मागितली की दुकानदार उलट विचारतो. एका बाजूला काय आहे? दुसऱ्या बाजूला काय आहे? दोन्ही टोके मेल हवीत का? लांबी दीड मीटर की तीन? गिऱ्हाइकाला हवे काय ते पक्के माहीत असते. घरी आहे काय ते माहीत नसते. टीव्हीची पाठ भिंतीकडे असते, आणि ती बाजू टीव्ही बसवल्या दिवसानंतर कोणी पाहिलेली नसते. जाणता दुकानदार अशा वेळी तार विकत नाही. आधी मागच्या बाजूचा फोटो काढून आणा, म्हणतो.

आपली इच्छा माणूस तोंडपाठ सांगतो. आपल्या वस्तूंची, आणि आपल्या माणसांची, मागची बाजू त्याला पाहून यावी लागते.

तार एक झाली तरी आवाज तिच्यात बसवायचा कुठे, हा प्रश्न होताच. त्याचे उत्तर मला या सगळ्या यंत्रविद्येतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत चित्र रेघेरेघेने काढी. एक रेघ उजव्या कडेला संपली की झोताला डावीकडे परतावे लागे. सगळ्या रेघा संपल्या की तळातून माथ्यावर जावे लागे. परतताना झोत मालवलेला असे. नाहीतर परतीची वाटही पडद्यावर उमटली असती. म्हणून प्रत्येक रेघेनंतर आणि प्रत्येक चित्रानंतर थोडा वेळ रिकामा ठेवला गेला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याचे चित्र ६२५ रेघांचे होते, पण त्यातल्या सुमारे ५७५ रेघांनाच चित्र होते. बाकीचा वेळ झोताच्या परतीचा.

नळी गेली. सपाट पडद्यात परतणारे काही नाही. तरी रिकामा वेळ राहिला. १९२० बाय १०८० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवताना तारेवर सर्वसाधारणपणे २२०० बाय ११२५ ठिपक्यांइतका वेळ धरला जातो. म्हणजे वेळेचा सुमारे सहावा भाग चित्राविना जातो. डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआयचा पहिला आराखडा निघाला. हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्या त्यामागे होत्या. त्यांनी आवाज या सहाव्या भागात ठेवला. दोन रेघांच्या मधल्या शांततेत आवाजाचे बारीक तुकडे जातात आणि पलीकडे सलग ऐकू येतात.

आवाजाला रिकामी जागा लागते. जिथे सतत काही दाखवले जाते तिथे कोणाचे ऐकून घेणे होत नाही. घरातली खरी बोलणी मधल्या वेळातच होतात. ताटे उचलताना, किंवा कोणाला स्टेशनवर सोडायला जाताना. जे घर हा वेळ भरून काढते त्याला आपल्याच माणसांचा आवाज येईनासा होतो.

त्याच नळीने दुसरा वारसाही ठेवला, आणि तो त्रासाचा आहे. नळीच्या पडद्यावर चित्राच्या कडा धड सरळ येत नसत. म्हणून टीव्ही करणारे चित्र किंचित मोठे करून कडा चौकटीआड दडवत. प्रक्षेपण करणारे हे जाणून अक्षरे कडेपासून आत ठेवत. सपाट पडद्याला कडा लपवण्याचे कारण नाही. तरी पुष्कळ टीव्ही आलेले चित्र आजही मोठे करून कडा कापतात. लॅपटॉप जोडला की खालची पट्टी अर्धी दिसते. खिडकी बंद करण्याची वरच्या कोपऱ्यातली फुली पडद्याबाहेर जाते. टीव्हीच्या मेनूत खोलवर यावर उपाय असतो. कुठे त्याला जस्ट स्कॅन म्हणतात, कुठे स्क्रीन फिट, कुठे फुल पिक्सेल.

रिकामा वेळ आणि कापलेली कड एकाच काळाच्या गरजेतून आली. पहिल्यात पुढच्यांनी आवाज ठेवला. दुसरी कशासाठी आहे हे कोणी विचारले नाही. वारसा चांगला की वाईट, हे देणाऱ्याच्या हातात थोडेच असते. घेणाऱ्याने त्यात काय ठेवले, यावर ते ठरते.

तार खुपसल्यावर क्षणभर पडदा काळा होतो. माणसे त्या क्षणाला बिचकतात. वास्तविक तेवढ्या वेळात मोठ्या शिस्तीचे काम चाललेले असते. लॅपटॉप १८ व्या पिनवर पाच व्होल्ट देतो. टीव्ही १९ व्या पिनवर आपण आहोत असे कळवतो. मग लॅपटॉप टीव्हीने स्वतःविषयी लिहून ठेवलेली माहिती वाचतो. तिचा पहिला भाग १२८ बाइटांचा. ही पद्धत १९९४ पासूनची. टीव्ही कोणी बनवला, कोणत्या वर्षी, पडदा किती सेंटिमीटर रुंद आणि किती उंच, कोणत्या मापाची चित्रे झेपतात, हे त्यात असते. कोणते आवाज झेपतात ते पुढच्या पुरवणीत असते. हे वाचून झाल्यावर पहिले चित्र निघते.

पंगतीतला जाणता वाढपी असाच वागतो. त्याची नजर हातातल्या भांड्यावर नसते, पानावर असते.

माणसे बहुधा भांड्याकडे पाहून वाढतात. उपदेश असो, माया असो, काळजी असो, आपल्याजवळ जे भरपूर आहे ते समोर ओतले जाते. घेणाऱ्याला काय झेपते हे पाहायला जो क्षण लागतो तो वाया गेल्यासारखा वाटतो. नात्यांत जे अजीर्ण होते ते पुष्कळदा या न थांबण्याचे असते.

टीव्हीच्या पुरवणीत आवाजाचा उल्लेख नसेल तर लॅपटॉप आवाज पाठवतच नाही. मध्ये एखादा जुना जोड असला, डीव्हीआयसारखा केवळ चित्रासाठी केलेला, की हे घडते. तार चांगली असते, यंत्रेही चांगली असतात. मुका वाटणारा लॅपटॉप त्या वेळी सांगितलेले तंतोतंत पाळत असतो.

याच्या उलटही होते. ३२ इंची कित्येक टीव्हींचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असतो. १९२० बाय १०८० चे चित्र घेऊ, असे मात्र ते कळवतात. घेतात, आणि दाबून बसवतात. सिनेमा पाहताना हे जाणवत नाही. एखादे पत्र उघडले की अक्षरे पुसट होतात. झेपत नसताना दिलेला होकार मोठ्या चित्रात खपून जातो. बारीक अक्षरात तो उघडा पडतो.

आवाज लॅपटॉपवरच राहू दिला तर काय बिघडते, असे पुष्कळांना वाटते. लॅपटॉप टीव्हीखाली ठेवतात, आवाज वाढवतात, सिनेमा सुरू करतात. थोड्या वेळाने खोलीत अस्वस्थता येते. कारण कोणाला सांगता येत नाही. टीव्ही आलेले चित्र लगेच दाखवत नाही. ते उजळतो, गुळगुळीत करतो, मापात बसवतो. या सगळ्याला वेळ लागतो. लॅपटॉपमधला आवाज तेवढा थांबत नाही. शब्द ओठांच्या आधी येतो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत याची मापे आहेत. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की पाहणाऱ्याला ते जाणवू लागते. मागे पडला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. उशिराला माणूस जवळजवळ तिप्पट सवलत देतो. नदीच्या पलीकडच्या काठावर धुणे आपटले जाते तेव्हा कपडा दगडावर पडलेला आधी दिसतो, आवाज मागून येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. प्रकाशाला तेवढ्या अंतराचा वेळ जाणवण्याइतका लागत नाही. कृती आधी आणि आवाज मागून, हा क्रम डोळ्याकानांना जन्मापासून ठाऊक आहे. आवाज आधी आणि कृती मागून, असे सृष्टीत घडत नाही.

माणसांत घडते. करण्याआधी बोलणाऱ्याविषयी मनात जी शंका येते ती तर्काने आलेली नसते. ती याच जुन्या सवयीतून आलेली असते. करून मग, जरा उशिरानेच, बोलणाऱ्यावर कोणाला सांगावे न लागता विश्वास बसतो.

टीव्हीच्या मेनूत गेम मोड असतो. तो लावला की टीव्ही चित्राची रंगसफेदी सोडून देतो आणि ओठ व शब्द पुष्कळसे जवळ येतात. खेळणाऱ्या मुलांना हे ठाऊक असते. मोठ्यांना सहसा नसते.

तारेबद्दल थोडे. महाग तारेने चित्र अधिक सुंदर होत नाही. यातला संदेश आकड्यांचा असतो. तो पोचतो किंवा बिघडतो. बिघडला तर पडद्यावर ठिणग्या दिसतात किंवा काहीच दिसत नाही. लांब तार मात्र चांगल्या प्रतीची लागते. आणि तार गरजेपेक्षा हातभर जास्तच असावी. व्हीजीएला स्क्रू होते. एचडीएमआयची नेहमीची तार नुसत्या पकडीवर टिकते. ताणलेल्या तारेत कोणाचा पाय अडकला की झटका लॅपटॉपच्या कडेच्या भोकाला बसतो. ते भोक आतल्या बोर्डावर सोल्डर केलेले असते. तार शंभर-दोनशे रुपयांत नवी येते, भोक येत नाही. जोडणी ताणात ठेवली की तुटते ती नेहमी महागाची बाजू.

तारेतून संशयही जातो. इंटेलने एचडीसीपी नावाची व्यवस्था केली. तिच्यात लॅपटॉप टीव्हीकडून परवान्याचा पुरावा मागतो. पुरावा पटला नाही तर पैसे भरून घेतलेल्या सिनेमाच्या जागीही काळा पडदा येऊ शकतो. २०१० मध्ये या व्यवस्थेची मूळ किल्लीच बाहेर आली आणि इंटेलने ते मान्य केले. नक्कल करणाऱ्यांचे त्यानंतर फारसे अडले नाही. जुना टीव्ही असलेल्या प्रामाणिक घराचे अजून अडते. अविश्वासावर उभ्या केलेल्या नियमाची झळ आधी लागते ती नियम पाळणाऱ्यालाच. हे मला अन्याय्य वाटते, आणि यंत्रापुरते वाटत नाही.

टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुट असे बटण असते. सगळी तयारी होऊनही टीव्ही सेट-टॉप बॉक्सचीच वाट पाहत असला तर लॅपटॉप त्याला दिसत नाही. कोणत्या भोकात काय आहे हे घरात एकाला माहीत असते. तो शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडतो. भोके तिथेच राहतात. एका रिमोटच्या पाठीवर औषधांच्या दुकानात मिळते ती पांढरी चिकटपट्टी लावलेली आहे. तिच्यावर बॉलपेनने लिहिले आहे : लॅपटॉप म्हणजे एचडीएमआय २. अक्षर शाळामास्तरांचे असावे तसे सरळ आहे. लिहिणाऱ्याने हे एकदा विचारले होते. दुसऱ्यांदा विचारावे लागू नये म्हणून लिहून ठेवले.

उतारवयात एखादी गोष्ट न येण्याचे दुःख फारसे नसते. पुन्हा विचारण्याचे असते. सांगणाऱ्याच्या आवाजात आलेला किंचित कंटाळा कोणत्याही तारेशिवाय पोचतो.

१९८७ साली रामायण मालिका लागे तेव्हा टीव्ही असलेल्या घरी शेजारपाजार जमे. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत तीच मालिका दूरदर्शनवर पुन्हा दाखवली गेली. तोवर प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा आला होता. लॅपटॉपसमोर एकच माणूस नीट बसू शकतो. शेजारच्याने पाहायचे तर मान वाकडी करावी लागते. तो टीव्हीला जोडणे म्हणजे एकट्याने पाहायची गोष्ट सर्वांच्या खोलीत आणणे. हे तांत्रिक काम नाही.

म्हणून तिथे संकोच येतो. विंडोजमध्ये २००९ पासून एक सोय आहे. विंडोजचे चिन्ह असलेले बटण आणि पी एकत्र दाबले की चार पर्याय येतात. डुप्लिकेट निवडले तर लॅपटॉपवर जे आहे तेच टीव्हीवर जाते. एक्स्टेंड निवडले तर टीव्ही हा शेजारचा वेगळा पडदा होतो आणि तिकडे सरकवले तेवढेच तिकडे दिसते. घाईत बहुतेक जण डुप्लिकेट निवडतात. मग सिनेमा लागण्याआधी खोलीला बरेच काही दिसते. उघडी राहिलेली बँकेची खिडकी. कोणाच्या तरी निरोपाची पहिली ओळ. नोकरीच्या अर्जाची फाइल, जिच्याविषयी घरात कोणाला सांगितलेले नसते. खोलीतली माणसे ते वाचतात आणि वाचले नाही असे दाखवतात.

कुटुंबात बहुतेकांना दोनच टोके माहीत असतात. सगळे दाखवायचे, किंवा खोलीचे दार लावून घ्यायचे. मन मोकळे नाही म्हणून दार लावले, असा आरोप मग होतो. सोबत बसायला सगळे उघडे करावे लागत नाही. द्यायचे तेवढे सरकवता येते आणि बाकीचे आपल्याकडे ठेवता येते. हे ज्या घराला मान्य असते त्या घरात माणसे दिवाणखान्यात येऊन बसतात.

दूर गेलेल्यांशी बोलताना या जोडणीची खरी परीक्षा होते. उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ म्हणजे इथे संध्याकाळचे सात. टीव्हीवर नातीचा चेहरा हातभर मोठा दिसतो. आजीने घडीचे पातळ काढलेले असते. आजोबा खुर्ची पुढे ओढून घेतात. दोघे टीव्हीकडे पाहून बोलू लागतात. कॅमेरा मात्र लॅपटॉपमध्ये असतो आणि लॅपटॉप बाजूच्या स्टुलावर. तिकडे नातीला दोघांचे कान दिसतात, चष्म्याची काडी दिसते, आणि मधूनच भिंतीवरचे कॅलेंडर. आजी कुठे बघते आहे, असे ती विचारते. आजी तिच्याकडेच बघत असते. डोळ्यांत डोळे घालून.

ज्या चेहऱ्याकडे आपण पाहतो आणि ज्या ठिकाणाहून आपण पाहिले जातो, ती दोन वेगळी ठिकाणे असतात. एवढे न कळल्याने प्रेमाचे माणूस दुर्लक्ष करते असे वाटत राहते. दोन्हीकडे दोष नसतो. लॅपटॉप उचलून टीव्हीच्या पायाशी, मधोमध ठेवला की दोन्ही नजरा जवळपास जुळतात. खोलीतल्या कोणीतरी उठून तो तिथे ठेवावा लागतो. बोलणाऱ्या दोघांना ते आपण होऊन कळत नाही, कारण आपला कान दिसतो आहे हे त्यांना कुठून दिसणार.

टीव्हीचा आवाज मोठा ठेवला तर तो लॅपटॉपच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि तिकडच्या माणसाला स्वतःचेच शब्द क्षणभराने परत ऐकू येतात. अशा वेळी कोणी धड बोलू शकत नाही. स्वतःचाच आवाज परत येऊ लागला की माणूस शब्द तोडतो, थांबतो, अखेर गप्प होतो. पुष्कळ संसारांत एक जण असा गप्प झालेला असतो. त्याला उत्तर नको होते असे नाही. त्याला दर वेळी त्याचेच वाक्य परत मिळत होते. पडद्यापुरता उपाय सोपा आहे. टीव्हीचा आवाज उतरवायचा आणि जवळ सरकून बसायचे.

आता तारेची गरज कमी होत चालली आहे. मिराकास्ट २०१२ मध्ये आले, क्रोमकास्ट २०१३ मध्ये. नवे टीव्ही स्वतःच इंटरनेटला जोडलेले असतात आणि जगातले सिनेमे, सामने, कीर्तने आपणच आणून दाखवतात. तरी काही गोष्टी कोणत्याही ॲपवर मिळत नाहीत. कॅसेटवरून उतरवून घेतलेली लग्नाची चित्रफीत. शाळेच्या निरोप समारंभातले कोणाचे तरी भाषण. स्कॅन करून ठेवलेले फोटो, ज्यांच्या फाइलींना नावाऐवजी यंत्राने दिलेले आकडे आहेत. जगाचे आहे ते टीव्हीला आपोआप सापडते. घराचे आहे ते कोणीतरी जोडून द्यावे लागते.

असे फोटो लॅपटॉपवर पाहिलेले असतात. चौदा-पंधरा इंची पडद्यावर, एकट्याने, भराभर. ४३ इंची पडद्यावर तोच फोटो लावला की मागच्या रांगेतले चेहरे पहिल्यांदा चेहऱ्यांसारखे दिसतात. मुंजीच्या मांडवात खांबाला टेकून कोणी उभे आहे. परकरी मुलीच्या कडेवर मूल आहे. लावणाऱ्याला यातले कोणी ओळखता येत नाही. खोलीतल्या सर्वांत वृद्ध माणसाला येते. ती व्यक्ती उठून पडद्याजवळ जाते, काचेवर बोट ठेवते आणि नाव घेते. ते नाव त्या घरात तीस-चाळीस वर्षांत कोणी उच्चारलेले नसते.

हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. फोटो टिकतील. त्यांच्या प्रती दोन-तीन जागी ठेवल्या तर ते आणखी कित्येक वर्षे टिकतील. नावे सांगणारे तितके टिकणार नाहीत. आणि ज्या घरांनी फोटो जपले त्या घरांनीही ही नावे बहुधा लिहून ठेवलेली नाहीत. मला याची हळहळ वाटते, आणि ती भूतकाळाविषयी नाही. आजही शेकडो घरांत फोटो एका खोलीत आहेत, सांगणारे माणूस दुसऱ्या खोलीत आहे, आणि मधली तार कपाटात गुंडाळून ठेवलेली आहे.

फोटो पाहताना नावे टाइप करत बसू नये. त्याने सांगणाऱ्याची लय तुटते. लॅपटॉपमध्ये रेकॉर्डर असतो आणि तो सुरू ठेवून फोटो हळूहळू पुढे सरकवता येतात. एका फोटोवर दहा मिनिटे गेली तरी जाऊ द्यावीत. एक बहीण म्हणते, आड परसात होता. दुसरी म्हणते, परसात नव्हता, ओटीवरून उतरलं की डाव्या हाताला होता, मी त्यात कळशी पाडली होती. पहिलीला ते मान्य नाही. कळशी पाडली ती आपण, असे तिचे म्हणणे आहे.